आधी पाणी, मग बॅटरी, शेवटी हीटर : थंडी-अवकाळीसाठी खान्देशातल्या घराची तयारी

मी वायरिंगचं आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं काम करतो. डिसेंबर-जानेवारीत ढग येऊन गेले की दुसऱ्या दिवशी येणारे फोन दरवर्षी जवळपास तेच असतात. "भाऊ, नवा इन्व्हर्टर आहे, हीटर लावला तर शिट्टी मारून बंदच पडला." "दादा, गच्चीवर सोलर आहे, तरी आमची लाईट कशी गेली?" "टाकी कोरडी आहे अन् मोटर चालत नाही, आता काय करू?" मी जाऊन पाहतो तर निम्म्या ठिकाणी बिघाड काहीच नसतो. तयारी केलेली असते, पैसेही खर्च झालेले असतात, पण जे शेवटी करायचं ते आधी केलेलं असतं.

आपल्याकडचं हिवाळी वादळ कसं येतं ते आधी लक्षात घ्या. पाइप गोठून फुटू नयेत म्हणून रात्रभर नळ ठिबकत ठेवा, असे व्हिडिओ फिरतात. ते बर्फाच्या मुलखातले आहेत. इथे फार तर तोरणमाळ-डाबकडे पहाटे दव गोठतं. जळगाव-धुळ्यात नळ ठिबकत ठेवला तर टाकी रिकामी होईल, एवढंच. आपल्याकडे आधी ढग भरून येतात, गडगडाट होतो, पाऊस येतो, कधी गारा पडतात. फांदी तारेवर पडते, डीपी (गल्लीचा ट्रान्सफॉर्मर) जाते. मग एक-दोन दिवसांत आभाळ मोकळं होतं, उत्तरेचा वारा सुटतो आणि पारा धाडकन उतरतो. म्हणजे वीज आधी जाते आणि खरी थंडी मागून येते. ती येते तेव्हा बॅटरी निम्मी उतरलेली असते आणि टाकीचा तळ दिसत असतो.

खालचे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत. दिवाळी आटोपली की पहिल्या टप्प्याला हात घाला, सगळं मिळून दोन रविवार लागतात.

टप्पा १ : छप्पर, तारा आणि गच्ची

सुरुवात घराबाहेरून करायची, कारण बाहेरची कामं ढग आल्यावर करता येत नाहीत.

पत्र्याचं घर असेल तर एकेक हूक हाताने हलवून बघा. सैल असेल तो आवळा, वॉशर फाटला असेल तर बदला. पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवायची आपल्याकडे सवय आहे. वारा मोठा असला की तोच दगड आधी खाली येतो, आणि कुठे पडेल ते सांगता येत नाही. दगड काढा, हूक वाढवा.

धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात भेगा बुजवून पन्हळी मोकळ्या करा. पावसाळ्यानंतर धाब्याकडे कोणी बघत नाही आणि अवकाळी नेमकी तेव्हाच गाठते. धाब्याखालून किंवा मातीच्या भिंतीतून वायर गेली असेल तर ओल आल्यावर भिंतीला करंट उतरतो. अशी वायर पाइपात घालून घ्या. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

खांबावरून घरात येणाऱ्या तारेला फांदी घासत असेल तर महावितरणच्या वायरमनला आताच सांगा. कोयता घेऊन स्वतः शिडीवर चढू नका. ओल्या फांदीतून करंट येतो.

गच्चीवरच्या रिकाम्या टाक्या, ड्रम आणि पत्र्याचे तुकडे खाली आणा किंवा बांधून ठेवा. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन, ती हलत नाही. तीच रिकामी असली तर वादळात शेजारच्या गल्लीत सापडते. टाकीचं झाकण तारेने बांधा.

> तपासा : गच्चीवर उभं राहून चारही बाजूंना बघा. वाऱ्याने उडेल असं काही दिसतंय का? दिसत असेल तर हा टप्पा अजून झालेला नाही.

टप्पा २ : पाणी

वीज आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं समजणं ही सगळ्यात मोठी चूक. जळगावचं पाणी वाघूर धरणातून येतं, धुळ्याचं काही तापीवरून. पंप लावून ते शहरापर्यंत आणावं लागतं. पंपिंगची वीज गेली की रोटेशन पुढे सरकतं. आधीच चार-आठ दिवसांनी येणारं पाणी आणखी दोन दिवसांनी येतं, आणि आलं तरी आपली मोटर बंद असते. मळ्यात राहणाऱ्यांचं तर बोअर म्हणजेच वीज.

म्हणून आधी माप काढा. काटकसरीने वापरलं तर माणशी दिवसाला २० लिटर पुरतं. त्यातलं प्यायला आणि स्वयंपाकाला साधारण ५ लिटर. पाच माणसांचं घर, तीन दिवस : एकूण ३०० लिटर, त्यात पिण्याचं ७५. एवढं तर कुठल्याही घरात भरून ठेवता येतं. फसगत गोठ्यात होते. दुभती म्हैस एकटी दिवसाला ५०-६० लिटर पिते. दोन म्हशी असतील तर तीन दिवसांत त्यांनाच घराइतकं किंवा त्याहून जास्त पाणी लागेल. गोठ्यातला हौद वेगळा धरा आणि वेगळा भरा.

आता कामाचा क्रम :

१. वरची टाकी धुऊन घ्या. गाळ काढायचा तर आताच. ढग आल्यावर टाकी रिकामी करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

२. फ्लोट व्हॉल्व्ह आणि ओव्हरफ्लो तपासा. रात्री टाकी भरलेली असते आणि सकाळी अर्धी, असं होत असेल तर कुठेतरी गळती आहे. बहुतेक वेळा ती संडासच्या फ्लशमध्ये सापडते.

३. पिण्याचं पाणी झाकणाच्या भांड्यांत वेगळं काढा आणि दर दोन दिवसांनी बदला. आरओ विजेवर चालतो हे लोक हमखास विसरतात. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असल्याने घरोघर आरओ आहे, आणि लाईट गेल्यावर त्यातून थेंब येत नाही. गाळलेलं पाणी खळखळ उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळू द्या, तेवढं पुरे. मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) वापरायचं तर बाटलीवर लिहिलेल्या मापानेच घाला. उकळल्याने पाण्याचा जडपणा पूर्ण जात नाही, औषधाने तर मुळीच नाही, पण दोन-तीन दिवस तेवढं चालतं.

४. पावसाच्या दिवशी गावच्या नळाला गढूळ पाणी येऊ शकतं. ते टाकीत सोडू नका. बादलीत घेऊन बघा आणि नितळ आलं की मगच मोटर लावा.

> सावधान : 'इन्व्हर्टरवर मोटर चालवून घेऊ' असा बेत असेल तर तो सोडून द्या. एक एचपीची मोटर चालताना ७५० वॉटपेक्षा जास्तच घेते, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते. घरगुती इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो.

टप्पा ३ : बोर्ड आणि अर्थिंग

इथे फार वेळ लागत नाही. मेन बोर्डात आरसीसीबी असते, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारी पेटी. तिच्यावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की खटका पडायला हवा. पडला नाही तर ती फक्त शोभेची पेटी आहे, बदलून घ्या. आरसीसीबी नसेलच, तर हीटर आणि गीझरचे पैसे आधी त्यात घाला.

आपल्या काळ्या मातीत अर्थिंगचा खड्डा पावसाळा संपला की कोरडा पडतो आणि माती भेगाळून पाइपापासून सुटते. त्यात बादलीभर पाणी ओता आणि महिन्यातून एकदा ओतत राहा. नंतर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

गीझर, रॉड, हीटर यांना १६ अँपिअरचा जाड पिनांचा सॉकेट लागतो. २००० वॉटचं यंत्र जवळपास ९ अँपिअर घेतं. मोबाईल चार्ज करतो तो बारीक सॉकेट ६ अँपिअरचा. एक्स्टेन्शन बोर्डावर रूम हीटर लावलेला मी पाहिलाय. वायर गोधडीखालून नेलेली, हात लावला तर पापडाच्या लाटीसारखी मऊ झालेली. त्या घरातल्या काकू म्हणाल्या, "बरं आहे ना, गोधडी पण गरम राहते!"

टप्पा ४ : इन्व्हर्टर आणि बॅटरी

बॅटरीत किती वीज आहे याचा हिशेब सोपा आहे, तरी तो कोणी करत नाही. १२ व्होल्ट गुणिले १५० अँपिअर-अवर म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडी खातो. म्हणून हाताशी १००० धरा. थंडीत बॅटरी मंदावते, पहाटे १० अंशाच्या आसपास दहा-पंधरा टक्के आणखी कमी मिळतं.

पण हिवाळ्यात पंखे बंद असतात, हा मोठा फायदा आहे. उन्हाळ्यात तीन जुने पंखे २२५ वॉट घेतात आणि चार तासांत बॅटरी बसते. हिवाळ्यात ९ वॉटचे चार बल्ब, वायफाय आणि दोन मोबाईल असे धरले तर ७० वॉटच्या आत काम भागतं. तीच बॅटरी दहा-बारा तास चालते. त्याच बॅटरीवर १००० वॉटचा हीटर लावला तर हिशेबाने फार तर तासभर. खरं तर ९०० व्हीएचा इन्व्हर्टर त्याआधीच ओव्हरलोड दाखवून बंद होतो. इन्व्हर्टर उजेडासाठी आहे, उबेसाठी नाही. गीझर, हीटर, इस्त्री, मिक्सर आणि फ्रिजचे सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर असतील तर ते वेगळे करून घ्या.

घरात कोणी ऑक्सिजनच्या यंत्रावर असेल तर गणित बदलतं. पाच लिटरचं यंत्र ३००-३५० वॉट घेतं, म्हणजे एका बॅटरीवर जेमतेम अडीच-तीन तास. अशा घरात भरलेला सिलिंडर आधीच आणून ठेवा, बॅटरीच्या भरवशावर बसू नका.

आता बॅटरीची तपासणी. ही वादळाच्या किमान पंधरा दिवस आधी करा, म्हणजे बॅटरी बदलायची वेळ आली तरी हाताशी दिवस राहतात.

१. इन्व्हर्टर बंद करा आणि सॉकेटमधून त्याची पिन काढा. आसपास विडी, काडी, दिवा नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. याच कारणाने बॅटरी देवघरात किंवा बंद कपाटात ठेवू नये.

२. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर सोडा घातलेल्या कोमट पाण्याने जुन्या ब्रशने धुवा आणि कोरडं करा. नट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. पाणी सेलच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका.

३. पाण्याची पातळी बघा. फ्लोट लाल खुणेवर असेल तर बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओचं पाणी चालत नाही, बोअरचं तर मुळीच नाही. अॅसिडही घालायचं नाही; उडून गेलेलं असतं ते पाणी, अॅसिड आतच असतं. प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच पाणी घाला आणि चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत भरा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना बाहेर उतू जातं आणि फरशीला खड्डे पाडतं.

४. रात्रभर चार्ज करून सकाळी हायड्रोमीटर (बॅटरीतल्या अॅसिडची घनता मोजायचं साधन) लावा. दुकानात सहज मिळतो. काचेच्या नळीत तरंगणारा काटा, वर रबरी फुगा. फुगा दाबून नळी सेलमध्ये बुडवा, हळूच सोडा, काटा मोकळा तरंगू द्या आणि डोळा पातळीला आणून आकडा वाचा. ट्यूब्युलर बॅटरीत पूर्ण चार्जला १.२४० च्या आसपास येतं; बॅटरीवर छापलेला आकडा प्रमाण धरा. सहाही सेल लिहून काढा. पाच सेल १.२४० आणि एक १.२०० असेल तर तो एक सेल बाकीच्या पाचांना खाली ओढणार. अशी बॅटरी वरून ठणठणीत दिसते आणि लाईट गेल्यावर अर्ध्या तासात मरते.

५. संध्याकाळी मुद्दाम मेन बंद करून दोन तास घर बॅटरीवर चालवा. जेवणं, अभ्यास, सगळं नेहमीसारखं. कुठली खोली अंधारात राहते, कुठला बल्ब लाइनवर घ्यायचा राहिला, ते तेव्हाच कळतं.

माझी स्वतःची गंमत सांगतो. लोकांच्या बॅटऱ्या तपासत फिरण्यात एक वर्ष घरची राहून गेली. अवकाळीच्या रात्री लाईट गेली आणि वीस मिनिटांत घरात काळोख झाला. उघडून पाहिलं तर दोन सेल कोरडेठाक. आई मेणबत्ती धरून उभी होती. मी तिला म्हटलं, "आई, तू आधी ती मेणबत्ती लांब ने." त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

> सावधान : मेन बंद केला तरी इन्व्हर्टर घरात करंट सोडतच असतो. बोर्ड उघडायचा असेल तर मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा आणि टेस्टर लावून खात्री करा.

टप्पा ५ : सोलर आणि जनरेटर

गच्चीवर नेट मीटरचं, म्हणजे उरलेली वीज लाइनला देणारं सोलर असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : लाइनची वीज गेली की ते सोलरही बंद होतं. भर दुपारी, लख्ख उन्हात. हा दोष नाही, ते मुद्दाम तसं बनवलेलं आहे. नाहीतर तुमच्या पॅनलची वीज तारेत जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनला मारेल. पीएम सूर्यघर योजनेत बसवलेली बहुतेक घरगुती यंत्रं याच प्रकारची आहेत. लाईट नसताना सोलर चालायला हवं असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. बसवून देणाऱ्याला सरळ विचारा, "लाईट गेल्यावर चालेल का?" आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

जनरेटर सगळ्यांनाच लागत नाही. दूध संकलन, कुक्कुटपालन किंवा मळ्यातलं बोअर असेल तरच त्याचा खर्च पटतो. एक एचपीच्या सबमर्सिबलला अडीच-तीन केव्हीएचा तरी घ्या.

तो पडवीतसुद्धा लावायचा नाही. घरापासून वीस फूट लांब ठेवा, धुराचं तोंड दारा-खिडक्यांच्या उलट दिशेला. पाऊस असेल तर वर पत्रा धरा, पण चारही बाजू मोकळ्या राहू द्या. पेट्रोल भरायचं ते बंद करून आणि गार झाल्यावर.

जोडणी चेंजओव्हर स्विचमधूनच करायची; तो एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडतो. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून ती घरच्या सॉकेटमध्ये खुपसायची, हा प्रकार गावोगाव चालतो. ती वीज उलटी डीपीत जाते आणि पलीकडे ११ हजार व्होल्ट होऊन निघते. तार बंद आहे असं समजून वर चढलेला माणूस तुमच्याच गावचा असतो.

टप्पा ६ : गरम पाणी

लाईट असेपर्यंतची गोष्ट आधी. १५ लिटरचा, २००० वॉटचा गीझर १५ अंशाचं पाणी ४५ अंशावर न्यायला पंधरा-सोळा मिनिटं घेतो. तासभर आधी लावून ठेवण्यात अर्थ नाही. १५०० वॉटच्या रॉडने २० लिटरची बादली तेवढीच तापायला जवळपास अर्धा तास लागतो. रॉड आधी पाण्यात, मग बटण. काढताना आधी बटण, मग पिन, मग रॉड. बोट बुडवून पाणी तापलं का ते बघण्याची सवय घरातल्या पोरांना लागू देऊ नका.

बंब असेल त्याने तो घासून-पुसून तयार ठेवावा. लाईट नसताना त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. पऱ्हाट्या, तुराट्या किंवा लाकडाचे तुकडे तीन-चार दिवसांचे कोरड्या जागी, ताडपत्रीखाली ठेवा. ओली पऱ्हाटी नुसती धुमसते. बंब अंगणात पेटवायचा, बंद न्हाणीत नाही.

बहुतेक सोलर वॉटर हीटरच्या नळ्या काचेच्या असतात. मोठ्या गारांचा इशारा असेल तर वर जाड पोती किंवा जुनी गोधडी बांधा. आणखी एक चूक मी स्वतः केली आहे. टाकी संपली होती, सोलर कोरडा पडून सकाळपासून उन्हात तापत होता. पाणी आलं दुपारी एकला आणि मी उत्साहात मोटर लावली. गार पाणी तापल्या नळ्यांत गेलं आणि वरून टक्, टक् असे आवाज आले. तीन नळ्या तडकल्या. रिकामा सोलर भरायचा तो पहाटे किंवा रात्री, नळ्या गार असताना.

गॅस गीझरबद्दल जरा थांबून वाचा. हा गीझर लहान सेलवर पेटतो, म्हणून लाईट नसतानाही चालतो आणि लोकांना तो वादळात वरदान वाटतो. पण त्याच वेळी बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बंद असतो आणि थंडीमुळे खिडकीही लावलेली असते. आत कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस अंघोळ करता करता कोसळतो आणि दार आतून बंद असतं. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या आणि आत फक्त पाण्याचा नळ येऊ द्या. तोवर लाईट गेलेली असताना त्याला हात लावू नका.

स्वयंपाकाचा भरलेला सिलिंडर एक जास्तीचा असावा. नळीवर छापलेली तारीख बघा. पाच वर्षं झाली की सुरक्षा ट्यूब बदलायची.

टप्पा ७ : ऊब

हीटर हा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला. खान्देशातली कडाक्याची रात्र ६-८ अंशांची असते. ती काढायला घर तापवण्याची गरज नाही. आहे ती ऊब बाहेर जाऊ दिली नाही तरी पुरते. हे काम बिनविजेचं आहे.

सगळ्यांनी एका खोलीत झोपायचं, शक्यतो आतल्या. उत्तरेकडची खिडकी नीट लागते का ते बघा, फटींत कापडाच्या चिंध्या खोचा. दाराखालच्या फटीला पोत्याची गुंडाळी लावा, दारावर वाकळ टांगा. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये पसाभर फट असते, वारा तिथूनच खेळतो. तीही पोत्याने बुजवा. थंडी खालूनही येते. शहाबादी फरशीवर नुसती सतरंजी टाकून वर तीन गोधड्या घेणारे लोक रात्रभर कुडकुडतात. एक गोधडी खाली घाला, तिच्याखाली कोरडी पोती. डोक्याला टोपी, पायात मोजे.

गरम पाण्याची पिशवी बिछान्यात अर्धा तास आधी ठेवा आणि झोपताना पायांपासून दूर सारा. तान्ह्या बाळाजवळ आणि मधुमेह असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या पायाला ती लावायची नाही; त्यांना चटका कळत किंवा सांगता येत नाही आणि सकाळी फोड दिसतो. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून दोघांवर पांघरूण घेणं सगळ्यात उत्तम.

आता शेगडी. भरीत पार्टीचा हाच मोसम. अंगणात पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जातात, कळण्याच्या भाकरी होतात, आणि जेवणं आटोपली की कोणीतरी म्हणतं, निखारे वाया कशाला घालवायचे? घमेल्यात भरून ते आजीच्या खोलीत नेतात. "धूर तर नाहीये ना!" हेच वाक्य घात करतं. धूर गेलेला लालबुंद निखाराच जास्त कार्बन मोनॉक्साईड सोडतो. फटी बुजवून खोली आपणच बंद केलेली असते. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

> सावधान : झोपायच्या खोलीत शेगडी, घमेलं, निखारे, गॅसची शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह, यातलं काहीच नको. शेकायचं ते अंगणात. मग निखाऱ्यांवर पाणी ओतून आत यायचं. एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गुंगी आली, तर सर्दी समजू नका. दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा.

एवढं झाल्यावर लाईट असतानासाठी हीटर घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. अंथरुणापासून तीन फूट लांब ठेवा, त्यावर कपडे वाळत घालू नका आणि झोपण्याआधी बंद करा.

टप्पा ८ : ढग आल्यावरचे सहा तास

हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हातातलं काम सोडून बंदोबस्त करा. फोनमध्ये 'दामिनी' अॅप ठेवा, आसपास वीज पडण्याचा इशारा त्यात येतो. नारिंगी दिसला की असं करा :

१. टाकी, हौद, घागरी, बादल्या भरा. लाईट जाण्याची वाट बघू नका.

२. सगळे मोबाईल, टॉर्च आणि पॉवर बँक चार्जिंगला लावा.

३. अंघोळी, दळण, मिक्सरची कामं उरकून घ्या.

४. गडगडाट ऐकू येण्याआधी टीव्ही, फ्रिज, गीझर, संगणक यांच्या पिना काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. टीव्हीच्या छत्रीची आणि इंटरनेटची वायरही सोडवा. वीज तिकडूनही आत येते.

५. सरपण, पोती, गोधड्या आत घ्या. जनावरं झाडाखालून सोडवून गोठ्यात बांधा.

६. कोणत्या शेजाऱ्याकडे म्हातारी माणसं एकटी आहेत ते आठवा आणि एक टॉर्च तिकडे देऊन या.

टप्पा ९ : लाईट गेल्यावर आणि आल्यावर

लाईट गेली की आधी शेजारी बघा. फक्त तुमचीच गेली असेल तर दोष घरात आहे. सगळ्या गल्लीची गेली असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. 'कोणीतरी केली असेल' म्हणून गल्लीतल्या चाळीस घरांपैकी एकही फोन करत नाही, हे मी कितीदा पाहिलंय. तुटलेली तार दिसली तर दहा मीटर तरी लांब राहा आणि पोरा-ढोरांना अडवा. ती बंद आहे असं धरूच नका.

पहिल्या रात्री बॅटरी जपा. दोन बल्ब पुरेत, टीव्ही नको. दुसऱ्या रात्री थंडी येणार आहे आणि तेव्हा उजेडाची जास्त गरज पडते.

लाईट आली की लगेच सगळं चालू करायचं नाही. आधी एकच बल्ब लावा आणि बघत राहा. तो नेहमीपेक्षा झगझगीत पेटला किंवा एका खोलीत मंद नि दुसऱ्या खोलीत प्रखर दिसला तर मेन ताबडतोब पाडा. वादळात न्यूट्रल तुटलेला असू शकतो, अशा वेळी घरात ४०० व्होल्टच्या आसपास दाब येतो आणि सगळी यंत्रं एकदम जातात. बल्ब दहा मिनिटं स्थिर राहिला तर इन्व्हर्टर लावा, मग फ्रिज, मग मोटर. गीझर सगळ्यात शेवटी. त्या वेळी गावातल्या प्रत्येक घराचा गीझर सुरू झालेला असतो आणि फेज पुन्हा जाण्याची वेळ तीच.

भिंत ओली असेल तर त्या भिंतीवरचे सॉकेट वाळेपर्यंत बंद ठेवा. आणि बॅटरी पूर्ण चार्ज झाली की, साधारण दुसऱ्या दिवशी, फ्लोटकडे एकदा बघा. पुढचे ढग पंधरा दिवसांत येऊ शकतात.